मुळाबरहुकूम

"एक, दो, तीन," असं म्हणून एल्डर ओल्सनने शशिकांतना काखेत हात घालून उचललं. एल्डर प्रसादने पाय सावरले. मी चाकाची खुर्ची घट्ट धरून उभी राहिले. पलंगावरून खुर्चीत, एवढंच काम. पण ते माझ्याच्याने होत नव्हतं. आजारपणातही शशिकांत सत्तर किलोंच्या खाली उतरले नव्हते आणि मी पन्नासच्या वर कधी गेले नव्हते.

"ठीक हैं, अंकलजी?" ओल्सनने विचारलं.

"हो," शशिकांत म्हणाले.

अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या यजमानांकडे हा एकच शब्द शिल्लक राहिला होता. चहा हवा का? हो. नको का? हो. ज्या माणसाने चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक बेताला आधी नाही म्हटलं, त्याच्यापाशी देवाने शेवटी हो तेवढा ठेवला, असं मी फोनवर बहिणीला सांगत असे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हसल्याशिवाय दिवस पुढे सरकत नव्हता.

ही दोन पोरं आमच्याच सोसायटीत, राजधानीतल्या द्वारकेच्या सेक्टर बारामध्ये, वरच्या मजल्यावर राहायची. मॉर्मन चर्चने त्यांना धर्मसेवेला पाठवलं होतं. दोन वर्षांची नेमणूक, स्वतःच्या घरापासून लांब. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, तिच्यावर आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे धर्मसेवक. प्रसाद आंध्रातला, राजमहेंद्रीचा. ओल्सन अमेरिकेतल्या आयडाहोचा, वीस वर्षांचा, घरी दुभत्या गाईंचा गोठा. दोघांनी सतत बरोबर राहायचं, एकट्याने कुठे जायचं नाही. चहा-कॉफी वर्ज्य. घरी आठवड्यातून एकदा, सोमवारी, सायबर कॅफेतून ईमेल. आणि फोन? वर्षातून दोनदा. एक नाताळला, एक मे महिन्यात, मातृदिनाला. हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, "जेल में भी इससे ज़्यादा मिलता है, बेटा." तो हसला होता.

पहिल्या दिवशी मी आणि चौकीदार मिळून शशिकांतना लिफ्टमधून बाहेर काढायची झटापट करत होतो. ओल्सनने येऊन एका झटक्यात त्यांना सरळ बसवलं. म्हणाला, गोठ्यात आजारी वासरू असंच उचलतात. नवऱ्याला वासरू म्हटल्याचा मला राग आला नाही. वासराला जपून उचलतात. दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी साडेसातला दारात हजर.

फुकट घ्यायची मला सवय नाही. मी म्हटलं, मी तुम्हाला हिंदी शिकवते. सदतीस वर्षं एका मंत्रालयात हिंदी अनुवादक होते मी. इंग्रजी परिपत्रकं हिंदीत करायची. आमच्या कक्षात पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, आपलं काही घालायचं नाही, मूळचं काही गाळायचं नाही. ते मी निवृत्तीपर्यंत पाळलं. त्यामुळे ओल्सनची हिंदीही सरकारी झाली. भाजीवाल्याला तो "महोदय" म्हणायचा आणि रिक्षावाल्याला "कृपया उपर्युक्त पते पर". सेक्टर बाराच्या बाजारात त्याची खूप करमणूक व्हायची. त्यालाही ते आवडायचं.

त्यांचं मूळचं काम मात्र काही धड चालत नव्हतं. दारोदार जाऊन उपदेश करायची मुभा नव्हती, कोणी बोलावलं तरच जायचं. बोलावणार कोण? उत्तमनगरचा एक वेल्डर चार महिने यांचं ऐकत होता. बाप्तिस्म्याची तारीख ठरली आणि त्याच्या थोरल्या भावाने दार लावून घेतलं. त्या दिवशी ओल्सनने वहीत हिंदी वाक्य लिहिलं, 'मैं यहाँ किसी के काम नहीं आया.' मी व्याकरण तपासलं, बरोबर होतं. खाली लाल पेनाने लिहिलं, 'तथ्य गलत है.' त्याने ते वाचलं आणि मान खाली घालून पोहे संपवले.

दिवाळीच्या सुमाराला मला आयडाहोहून पत्र आलं. त्याच्या आईचं. निळी शाई, उजवीकडे झुकलेलं अक्षर. माझ्या मुलाला तुम्ही खाऊ घालता, तुमचे आभार. मी उत्तर लिहिलं, पण इंग्रजी म्हणजे माझ्या हाताला ऑफिसचंच वळण. 'आपलं चौदा तारखेचं पत्र मिळालं. आपला मुलगा समाधानकारकपणे जेवतो.' ती बाई हसली असणार, कारण पुढच्या पत्रात तिने मोकळेपणाने गाईंची नावं कळवली. त्या पत्रांतूनच मला त्याचं पहिलं नाव कळलं, वेस्ली. इथे ते कोणी घेत नसे. सेवेच्या काळात सगळे आडनावानेच ओळखले जातात. माहीत असूनही मी ते कधी तोंडातून काढलं नाही.

तिसरं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं.

तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतचीही खात्री दिली नव्हती. तिने लिहिलं होतं, वेस्लीची सेवा जूनमध्ये संपते, त्याला कळलं तर तो सोडून येईल, त्याने ती पूर्ण करावी अशी माझी इच्छा आहे. नाताळच्या फोनवर माझा आवाज बसलेला होता, मी सर्दी म्हणून सांगितलं. तुम्हीही त्याला सांगू नका. आणि शेवटी आणखी चार ओळी होत्या, फक्त माझ्यासाठी.

मी ते पत्र घडी घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. ऑफिसात असंच करायचे. कोणाची बदली, कोणाचं निलंबन, अपघातात गेलेल्या कोणाच्या बायकोला पाठवायचं पत्र, सगळं माझ्या हाताखालून जायचं. ज्याच्या निलंबनाचा आदेश सकाळी हिंदीत केला, त्याच्याच डब्यातली भाजी दुपारी खाल्लेली आहे. चेहऱ्यावर कधी काही दिसू दिलं नाही. त्याचा मला अभिमान होता. ओल्सनच्या बाबतीतही मी तेच केलं. फाइल गोपनीय आहे, आपण अनुवादक आहोत, आपला काय संबंध.

पण तो मे महिन्याचा फोन मोजत होता. वहीच्या मागच्या पानावर त्याने आठवड्यांच्या रेघा मारल्या होत्या. मला ठाऊक होतं, मे यायचा नाही. एकदा मी त्याला अनुवादासाठी वाक्य दिलं, 'आई आजारी आहे, मुलाने घरी जायला हवं.' तो पेन्सिल टेकवणार तेवढ्यात मी वही ओढून घेतली आणि ते खोडलं. "यह कठिन है, दूसरा देती हूँ." कठीण काय होतं त्यात? पहिलीतलं पोरही करेल.

आणि एक गोष्ट मी स्वतःलाही सांगत नव्हते. तो गेला असता तर सकाळी साडेसातला शशिकांतना कोणी उचललं असतं?

होळीच्या दुसऱ्या दिवशी, जिन्यात गुलालाचे डाग तसेच असताना, प्रसाद एकटाच खालच्या पायरीपर्यंत आला. चेहरा पांढरा पडलेला. "आंटीजी, ओल्सन की मदर नहीं रहीं. अभी फोन आया." घरी जायचं की राहायचं, हे त्यानेच ठरवायचं होतं. वडील म्हणाले, तिची इच्छा तू पूर्ण करावंस हीच होती. तो राहिला. त्या दिवशीही दोघं आले, उशिरा, नऊ वाजता. "एक, दो," म्हणताना त्याचा आवाज फुटला, तीन प्रसादने म्हटलं.

आठ दिवस मी तसेच काढले. मग एका सकाळी राहवेना. खणातून तिन्ही पत्रं काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

अक्षर ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"आपको पता था?"

"हाँ."

"कब से?"

"जनवरी से."

त्याने तिन्ही पत्रं एकावर एक रचली. मग म्हणाला, "मैं फोन कर सकता था. चर्च वाले मना नहीं करते. एक बार बात हो जाती." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पत्रं खिशात घालून तो उठला, प्रसाद त्याच्यामागे गेला.

मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला बेल वाजली. एक, दो, तीन. शशिकांत खुर्चीत. पोह्यांना दोघांनीही हात लावला नाही. असे चार दिवस गेले. तो यायचा, उचलायचा, जायचा. माझ्याकडे बघायचा नाही, आणि शशिकांतच्या पायात मोजे मात्र नीट चढवायचा. त्या चार दिवसांत मी जेवढी रडले, तेवढी एकाहत्तर सालानंतर रडले नव्हते.

एकाहत्तर सालचं सांगायला हवं. तेव्हा आम्ही नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. मंगळवारी मिरजेहून, माझ्या माहेरून, तार आली, आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तार शशिकांतच्या हातात पडली. गुरुवारी माझी अनुवादकाची परीक्षा होती, त्यापूर्वी दोनदा हुकलेली. त्यांनी तार शर्टाच्या खिशात ठेवली आणि गुरुवारी संध्याकाळी, मी पेपर देऊन आल्यावर, हातात दिली. आई गुरुवारी सकाळीच गेली होती. परीक्षा मी पास झाले. त्याच नोकरीवर संसार उभा राहिला, हा फ्लॅटही झाला. तेव्हापासून माझ्या नावाचं टपाल मी त्यांना कधी उघडू दिलं नाही. त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही कधी विचारलं नाही की ते तीन दिवस माझ्यासमोर बसून तुम्ही कसे जेवलात.

पाचव्या दिवशी उचलून झाल्यावर ओल्सन गेला नाही. खिशातून तिसरं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. त्याची वरची घडी तेवढी उघडलेली होती. वाचायला घेतलं की तिचा आवाज कानात येतो, पुढे जाता येत नाही, असं तो अडखळत म्हणाला. "आप हिंदी में पढ़िए. जैसे ऑफिस में करती थीं. कुछ जोड़ना नहीं, कुछ छोड़ना नहीं."

मी चष्मा लावला. प्रसाद दारापाशी उभा राहिला. शशिकांत खुर्चीत होते.

मी वाचत गेले. आजाराचं नाव, डॉक्टरांचं म्हणणं, जून महिना. हिंदीत ते सगळं दुसऱ्याच कोणा बाईचं वाटत होतं, आणि त्याला तेच हवं असावं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग त्या शेवटच्या चार ओळी आल्या आणि मी थांबले.

"खत्म?" त्याने विचारलं.

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. त्याने ते पत्र पुन्हा उघडलं नसतं. गाळण्यात माया आहे, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. खिशात तार ठेवताना शशिकांतनाही असंच काही वाटलं असेल का, हे तोवर कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

"नहीं, चार पंक्तियाँ बाक़ी हैं," मी म्हटलं, आणि वाचलं.

"यह केवल आपके लिए लिख रही हूँ. अब पलंग से खिड़की तक जाने के लिए भी कोई उठाने वाला चाहिए, और वेस्ली के पिता की कमर जवाब दे चुकी है. रोज़ सुबह जी करता है कि फोन करके उसे बुला लूँ, वेस्ली होता तो मुझे खिड़की तक ले जाता. यह उसे कभी मत बताइएगा."

वेस्ली हे नाव मी त्याच्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं. त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला आणि लहान मुलासारखा रडला. प्रसाद जवळ आला, पण त्याला हात लावावा की नाही हे त्याला कळेना. मी पत्राची घडी घातली. मला क्षमा कर, असं म्हणायचं होतं. सदतीस वर्षं दोन भाषांत काढलेल्या बाईला त्या वेळी एकाही भाषेत ते म्हणता आलं नाही.

थोड्या वेळाने तो उठला. टायने तोंड पुसलं. शशिकांतच्या खुर्चीपाशी गेला, वाकला, आणि एक दो तीन न म्हणता, प्रसादची वाट न बघता, त्याने त्यांना दोन्ही हातांवर उचलून घेतलं. तसाच चालत खिडकीपाशी गेला. खाली कोणी तरी गाडी धूत होतं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गाद्या वाळत घातल्या होत्या. पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी तो त्यांना घेऊन तिथे उभा राहिला, हात थरथरायला लागेपर्यंत. शशिकांतनी आपला चालता हात त्याच्या पाठीवर ठेवला होता.

मग त्याने त्यांना हलकेच पुन्हा खुर्चीत बसवलं, खुर्ची खिडकीशी लावली आणि पत्र घेऊन दोघं वर गेले. जाताना दारात थांबून म्हणाला, "कल साढ़े सात बजे."

मी शशिकांतच्या शेजारी स्टूल ओढून बसले. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. मी त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि अडतीस वर्षांनी विचारलं.

"अहो, ती मिरजेची तार. तीन दिवस खिशात ठेवलीत. जड गेलं होतं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

उलटा प्रश्न विचारला असता तरी हेच उत्तर आलं असतं. मी तो विचारला नाही.