राजाचा उपास

“काका, पहले जात बताओ. जात के बिना दवाई कैसे दूँ?”

सुरतेचा मासेवाला मोबाईलमधून ओरडत होता आणि नवलआप्पा मोबाईल माशांच्या काचेच्या पेटीला चिकटवून उभे होते.

“धंदा तुन्हा नि इचारस माले?” आप्पा म्हणाले. “देख ना डोया उघाडीसन.”

मी चपला दाराशी काढल्या, डबा ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवला आणि आत आले. सकाळचे नऊ वाजले होते. राजाने आजही तोंड उघडलेलं नाही, हे आप्पांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पाचवा दिवस. माशाचं एक वेळ जाऊ द्या हो, पण पेटीसमोर पलंगावर बसलेल्या धनुमायने तीन दिवस नुसत्या चहा-ताकावर काढले होते, आणि त्यांना साखरेचा आजार. लकव्याने डावं अंग आधीच लुळं पडलेलं. डॉक्टरांनी मला फोनवर बजावलं होतं, की आज दुपारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर नंदुरबारला नेऊन भरती करा. मागच्या वेळी महिनाभर खाटेवर काढून त्या कशाबशा घरी आल्या होत्या. पुन्हा गेल्या तर चालत परत येतील का, याची मला धास्ती होती.

“माय, खिचडी आणू? दोनच घास.”

“राजा खाई तव्हय मी खासू,” धनुमाय म्हणाल्या. पदर तोंडाशी धरून बोलायची त्यांची जुनी सवय. “मुकं जनावर उपाशी शे नि मी ताट लिसन बसू?”

आता या बाईशी वाद कोण घालणार? आप्पांनी चाळीस वर्षांत घातला नाही, मी तर चार महिन्यांची.

मी हन्ना गावित, विसरवाडीच्या अलीकडची. नर्सिंग करून शहाद्यात खोली घेऊन राहते आणि रोज सकाळी नऊ ते दोन पुरुषोत्तमनगरात धनुमायचं सगळं बघते. अंग पुसणं, हातापायाचा व्यायाम, साखर तपासणं, गोळ्या. आप्पा म्हणजे साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातले निवृत्त ओव्हरसीअर. सगळी नोकरी उसाच्या बांधावर गेली. पाचटाला हात लावला की ऊस शहाऐंशी बत्तीस जातीचा आहे की दोनशे पासष्ट, ते डोळे मिटून सांगणार. शेतकऱ्याने नोंदीत एक जात लिहिली आणि शेतात दुसरी निघाली, की आप्पा तिथेच उभं राहून त्याचा बाप काढायचे. अशा माणसाच्या बैठकीत वर्षभर एक मासा फिरत होता आणि त्याची जात त्यांना सांगता येत नव्हती. हे त्यांना फार लागत होतं.

त्यांचा मुलगा हेमकांत सुरतेला असतो. मागच्या दिवाळीला त्याने पाण्याच्या पिशवीत बोटाएवढी दोन पिल्लं आणली. फ्लॉवरहॉर्न म्हणे. मोठा झाला की कपाळावर टेंगूळ येतं आणि घरात बरकत येते. वर्ष उलटलं, पिल्लं वीतभर झाली, टेंगूळ काही आलं नाही. एक काळा, दांडगा, दिवसभर तोंडाने रेती उकरणारा, त्याचं नाव हाल्या, म्हणजे रेडा. दुसरा राखाडी, शांत, धनुमायच्या बोटांतून दाणे खाणारा. तो राजा. लकव्यानंतर धनुमायचं बोलणं जडावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोनदा सांगावं लागायचं, म्हणून त्या माणसांशी कमी आणि राजाशी जास्त बोलायच्या.

शेजारचे धर्मेंद्र सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्यांच्या मोबाईलमध्ये म्हणे असं काहीतरी आहे, की फोटो दाखवला की प्राण्याचं नाव सांगतं. त्याने पहिल्यांदा ऑस्कर नावाचा मासा सांगितला, सरांनी फोटो आडवा धरला तेव्हा पॅरट झालं, आणि दिवा लावून काढला तेव्हा आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्याचं नाव आलं. सगळी गल्ली येऊन बघून गेली. पण गल्ली सगळी माळकरी. मासळीच्या गल्लीवरून जायची वेळ आली तर रस्ता बदलणारी माणसं, ती काय ओळखणार?

आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती चिलापी होती. उकाई धरणाचं पाणी आमच्या शेताच्या खालपर्यंत येतं, तिथे जाळं टाकलं की पहिली हीच येते. कुणीतरी हेमकांतभाऊंना छान टोपी घातली होती.

मग मी बोलले का नाही? कामावर आले त्या दिवशी धनुमायने विचारलं होतं, “तू मासा खास का वं?” मी म्हटलं, “घरी खाते माय, इथे डबा साधा आणीन.” त्यांनी मान हलवली आणि विषय संपला. आता सुरतेहून आलेल्या घरच्या लक्ष्मीला मी बाजारातली चिलापी म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय खोलीचं भाडं माझं मला भरायचं असतं.

पण काल संध्याकाळी मला राहवलं नाही. मी आईला व्हिडिओ पाठवला. माझी आई प्रिस्किला विसरवाडीच्या बाजारात मासळी विकते. बघितल्या बघितल्या ती हसतच सुटली. आमच्या बोलीत म्हणाली, अगं बाळंतीण आहे ती, तोंडात अंडी धरलीत तिने. आठ-दहा दिवस काही खाणार नाही, तुमच्या आप्पांना म्हणावं तिला छळू नका. मी रात्रभर स्वतःला समजावत होते, की उद्या गेल्या गेल्या सांगायचं. आणि आले तर खिचडीचं विचारून गप्प उभी. भित्री कुठली.

तेवढ्यात धर्मेंद्र सर आले. एका हातात निळ्या औषधाची बाटली, दुसऱ्या हातात कॅप्सूल.

“आप्पा, ऑस्करच धरूत,” सर म्हणाले. “त्याना गाल देखा, कसा हाली ऱ्हायना. श्वास लागना शे. डबल डोस टाकूत.”

“टाक बाप्पा,” आप्पा थकून म्हणाले. “पन जात पक्की नही रे.”

सरांनी झाकण उघडलं. बाटली पाण्यावर तिरपी झाली.

“सर, थांबा,” मी म्हणाले. “आप्पा, हा फ्लॉवरहॉर्न नाही, ऑस्करपण नाही. ही चिलापी आहे. तिला काही झालेलं नाही. तिच्या तोंडात अंडी आहेत.”

“चिलापी म्हंजे? बजारमा ढीग करीसन इकतस ती?” सरांनी विचारलं.

“हो. विसरवाडीला माझी आईच विकते.”

बोलायचं ते एका दमात बोलून झालं.  मला वाटलं, आता डबा उचलायचा आणि शहाद्याची रिक्षा धरायची.

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला, डोळ्यांवर चढवला.

“खूण सांग,” ते म्हणाले. “बिगर खूणनी जात मी कधी लिखी नही.”

मी काचेजवळ गेले. शेपटीवर बघा म्हटलं, पंख्यासारखी पसरली की बारीक उभ्या रेघा दिसतात. आप्पांनी बोट लावून रेघा मोजल्या. अंगावरची ही लांब रेघ बघा, मागे जाऊन तुटते आणि खालून पुन्हा सुरू होते. त्यांनी तीही पाहिली. पाठीवरच्या पराला पुढे काटे आहेत, ते मी लहानपणी तळहाताने शिकले. हाल्या नर आहे, म्हणून काळा, आणि रेतीत तो गोल खड्डा करतो तो घर मांडायला. मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. गाल हलतात ते श्वास लागल्यामुळे नाही. ती अंडी आतल्या आत फिरवत असते, नाहीतर ती सडतात.

आप्पा वाकून वाकून बघत होते. राजा काचेजवळ आला आणि जबडा किंचित सैल झाला, तेव्हा आतला पिवळसर घोस त्यांना दिसला असावा. ते सरळ झाले, कंबरेवर हात ठेवला.

“पटनी खूण,” ते म्हणाले. “धर्मेंद्र, ती बाटली बंद कर.” मग पुन्हा पेटीकडे बघून, “म्हंजे आपला राजा बाई शे?”

“हो आप्पा.”

पलंगावरून धनुमाय पदराआड हसल्या. “वरीसभर बाईले राजा म्हनी ऱ्हायनात. नि म्हने ओव्हरसीअर.”

धर्मेंद्र सर हसत हसत शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले. धनुमायने मला हाताने जवळ बोलावलं. मी पलंगापाशी गेले.

“उकाईनी शे ना ती?” त्या म्हणाल्या. “मंग तुन्हाच गावनी. इतला दिस बोलनी काबर नही?”

“भीती वाटली माय.”

“येडी,” त्या म्हणाल्या, बस एवढंच. चार महिन्यांचं ओझं एका शब्दात उतरलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी वाढली, वर तूप घातलं आणि वाटी घेऊन आले.

“तिले भूक लागत नही?” धनुमाय पेटीकडे बघत होत्या.

“लागते की. पण तोंड उघडलं तर लेकरं जातील. म्हणून गप्प बसते.” मी चमचा भरला. “चला, राजा ठणठणीत आहे, आता तुमचा उपास संपला. की तुम्हीपण काही धरून बसलाय तोंडात? करा आ.”

मी गमतीने म्हटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांचा उजवा हात डाव्या गालावर गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ वर्षांपूर्वी त्यांनी कवळी बसवली होती, हे त्यांच्या फायलीत लिहिलेलं होतं. लकव्याने गालाची ती बाजू ओघळली, कवळी ढिली झाली, हिरडीला घासायला लागली. चार महिने मी त्यांचं बोट न् बोट चोळत होते, पण तोंड धुवायला त्या काठी टेकत मोरीत एकट्याच जायच्या आणि आतून कडी लावायच्या. मी कधी विचारलं नाही. चिलापीच्या तोंडात काय आहे ते व्हिडिओ पाठवून शोधलं, आणि समोर बसलेल्या बाईच्या तोंडात काय आहे ते नर्स असून बघितलं नाही. मला माझीच लाज वाटली.

“कधीपासून दुखतंय माय?”

“आठ-पंधरा दिस व्हयनात.” त्या आप्पांकडे न बघता बोलत होत्या. “राजानी खानं सोडं तव्हय माले खरंच घास जाये नही. मंग बरंच वाटनं. कोनी इचारे नही, तोंडले काय व्हयनं.”

“आं? सांगानं नही का माले?” आप्पा म्हणाले.

“काय सांगू? तुमी म्हनशात, देखू दे.”

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, तेव्हा मला कळलं. आप्पा उठायच्या आधी त्या उठायच्या, कवळी लावून चूल पेटवायच्या. लकवा झाल्यावरही पहाटे अंधारात उशीखालून काढून एका हाताने लावायच्या. कवळी आहे हे आप्पांना माहीत होतं. कवळी नसलेलं तोंड मात्र त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

“आप्पा, तुम्ही जरा ओट्यावर बसता का?” मी म्हटलं. “मी बघते काय झालंय ते.”

आप्पा निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले असतील.

“ऱ्हाऊ दे त्यासले,” धनुमाय म्हणाल्या.

आप्पा थांबले, पण वळले नाहीत. धनुमायने पदर खाली सोडला, उजवा हात तोंडात घातला आणि कवळी काढून मी पुढे केलेल्या रिकाम्या ताटलीत ठेवली. गाल आत गेले, हनुवटी वर आली. एका क्षणात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या. डाव्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी लाल जखम होती. फार काही नव्हतं, दाताच्या डॉक्टरने कवळी घासून दिली आणि मलम दिलं की आठवड्यात भरली असती. एवढ्यासाठी त्या नंदुरबारच्या खाटेवर जायला निघाल्या होत्या.

“देखा आते,” त्या म्हणाल्या. दातांशिवाय शब्द आणखी बोबडे येत होते.

आप्पा वळले. नीट बघितलं. मग त्यांनी स्टूल ओढलं, पेटी आणि पलंगाच्या मध्ये टाकलं आणि त्यावर बसले. माझ्या हातातली वाटी घेतली. चमचा बाजूला ठेवून खिचडी बोटांनी कुस्करली, अगदी शीत न् शीत मोडेपर्यंत, आणि पहिला घास उजव्या बाजूने, जखमेला लागणार नाही असा दिला.

धनुमाय चावू शकत नव्हत्या, नुसतं घोळवून गिळत होत्या. थोडं हनुवटीवर ओघळलं. त्यांचा हात सवयीने पदराकडे गेला, तर आप्पांनी तो धरून खाली ठेवला आणि आपल्या धोतराच्या सोग्याने हनुवटी पुसली.

“आखो?” आणखी एक घास बोटांत धरून त्यांनी विचारलं.

“आखो,” त्या म्हणाल्या.

राजा आप्पांच्या पाठीमागे काचेला नाक लावून होता, पण त्याच्याकडे त्या दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावायला ओट्यावर गेले आणि सांगितलं की माय जेवताहेत.