नाक कोणीकडे

धाकटीने रिमोटच्या डाव्या स्टिकवरचा अंगठा हलकेच पुढे रेटला आणि ड्रोन कारखान्याच्या चिमणीला समांतर वर चढू लागला. थोरलीने दुर्बीण डोळ्यांना लावली. चिमणीच्या विटांना पडलेल्या चिरा टिपायच्या होत्या. धाकटीने ड्रोन उडवायचा, थोरलीने त्याच्यावरून नजर न काढता त्याचं नाक कोणीकडे आहे ते सांगत राहायचं, असं काम वाटलेलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत हेच रिमोट थोरलीच्या हातात असे. धाकटीला शिकवलंही तिनेच, सुट्टीच्या दिवशी, ओसाड मैदानात. नाक पलीकडे असेल तोवर डावं ते डावं. ते आपल्याकडे वळलं की डाव्याचं उजवं होतं. आपण आत बसलोय असं समज, ती सांगायची. सुरुवातीला ड्रोन वळला की धाकटी स्वतःही रिमोटसकट वळायची आणि दोघींची हसून पुरेवाट व्हायची. मग कधीतरी तिचं ते वळणं थांबलं. तिचं चित्रण थोरलीपेक्षा स्थिर येऊ लागलं, आणि साहेबांनी रिमोट तिच्याकडे सोपवलं. अनुभवी नजर खाली हवीच, असं ते थोरलीला म्हणाले होते. ते गोड बोलणं अजून तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. आई हल्ली संध्याकाळी धाकटीला विचारायची, आज कुठे उडवलंस? थोरलीला विचारायची, जेवलीस का वेळेवर?

आज आल्याआल्या कारखान्याच्या इंजिनिअरने थोरलीला विचारलं होतं, "तुम्ही मॅडमबरोबर आहात का?"

आता तो धाकटीच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होता. ड्रोन चिमणीमागे गेला. पडद्यावरचं चित्र थिजलं. धाकटीने अंदाजाने त्याला वळवलं, आणि काही क्षणांनी चिमणीच्या उजव्या कडेने एक काळा ठिपका बाहेर आला. नुसत्या डोळ्यांना त्याचं पुढचं-मागचं कळणं शक्यच नव्हतं.

दुर्बिणीत मात्र नाकावरचे दोन लाल दिवे स्वच्छ दिसत होते.

चिमणीपासून दूर न्यायला धाकटीने उजवीकडे रेटलं. ड्रोन डावीकडे, चिमणीच्या अंगावर सरकला.

"ताई, नाक?"

नाक आपल्याकडे. दोनच शब्द. थोरलीच्या जिभेवर ते आले आणि तिथेच राहिले. विटा आणि पाती यांतलं अंतर हातभर उरलं होतं. तिने दुर्बीण आणखी घट्ट धरली.

धाकटीने दोन्ही अंगठे उचलले. ड्रोन होता तिथे हवेत थांबला. तिने उजवी स्टिक किंचित पुढे रेटली, ठिपका मोठा होऊ लागला, तशी तिने मान डोलावली. मग डावीकडे रेटत तिने ड्रोन उजवीकडे मोकळ्या हवेत काढला. चित्र परत आलं. इंजिनिअरला यातलं काहीच कळलं नव्हतं. इतक्या जवळून पुन्हा एकदा घेता येईल का, असं त्याने विचारलं. धाकटीने नम्रपणे नाही म्हटलं.

दुपारी गाडीचं मागचं दार उघडं टाकून दोघी सामान आवरत होत्या. उड्डाणाच्या नोंदीचा कागद थोरलीसमोर सहीसाठी आला. धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'चित्र गेले असता निरीक्षकाने वेळीच सूचना दिली.'

थोरलीने ते दोनदा वाचलं. असं काही लिहिणं आपल्याला जमलं नसतं, हे तिला सहीच्या रेघेपर्यंत पोचायच्या आत कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"हे कशाला लिहिलंस?"

धाकटी पाती पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

"खरं लिहिलं असतं तर साहेबांनी तुला या खालच्या कामावरूनही काढलं असतं. चष्म्याचा नंबर वाढल्याचं तू कोणाला बोलली नाहीस, मग मीही नाही बोलणार. लांबचं नसेल दिसलं, एवढंच ना. इथून पुढे मीच जपून उडवीन."

तिच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. पेन थोरलीच्या हातात होतं. सही केली की विषय मिटला असता, आणि यापुढे आयुष्यभर धाकटीने तिला जपलं असतं.

"दिसलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं.