चिंतामणरावांचं सर्वांत चांगलं पत्र

माझे यजमान चिंतामणराव वैशाखातल्या एका सोमवारी गेले. गुरुवारी पोस्टमननं नेहमीसारखं मलकापूरचं साप्ताहिक दारात टाकलं, आणि त्यात चिंतामणरावांना एक प्रश्न विचारलेला होता.

त्या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचं एक पान असतं. लग्नातला बँड, सप्त्यातली भजनं, पोळ्याची मिरवणूक, नाट्यगृहाच्या मोडक्या खुर्च्या, सगळ्यावर वाचक तिथे आपसात वाद घालतात. आमचे हे त्यातले मुरलेले. तीस वर्षं खामगावच्या कोर्टात कारकुनी करून दुसऱ्यांचं लिहिलं, मग निवृत्त झाल्यावर स्वतःचं लिहायला लागले. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे तपासायला यायचं. मी काही बोलले की म्हणायचे, "मत नाही विचारलं, चुका काढ." मग मीही सुनवायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

त्यांचे नेहमीचे जोडीदार म्हणजे मलकापूरचे अन्वरभाई, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. सहा वर्षं दोघं त्या पानावर भांडले, पण भेटले एकदाही नाहीत. जेमतेम दीड तासाचा एसटीचा रस्ता! पुरुषांची मैत्री अशीच, आळशी.

तर अन्वरभाईंचा प्रश्न होता, मुलीच्या पाठवणीच्या वेळी बँडनं कोणतं गाणं वाजवावं? खामगावच्या चिंतामणरावांनी सांगावं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग आमची लेक स्वरदाही हैदराबादला परत गेली आणि घरात मी आणि फ्रीजची घरघर एवढंच उरलं. प्रश्न टेबलावर तसाच पडला होता. विचारलेल्याचं उत्तर द्यावं, ही माझी मास्तरकीची खोड. मी कागदावर उत्तर लिहिलं, यांच्याच फोननं त्याचा फोटो काढला आणि यांच्याच नावानं पाठवून दिलं.

मी लिहिलं, कोणतंच गाणं वाजवू नये. स्वरदा लग्नानंतर गाडीत बसताना माझ्या कानाशी लागून काहीतरी बोलली होती. बँड इतका जोरात होता की एक अक्षर ऐकू आलं नाही. पुढे विचारलं तर म्हणाली, आठवत नाही गं. हे त्या वेळी मंडपामागे आचाऱ्याशी भांडत होते, दोन झारे सापडत नव्हते म्हणून. पत्रात मी 'माझ्या कानाशी' असंच लिहिलं आणि खाली नाव चिंतामणरावांचं घातलं.

पुढच्या गुरुवारी अन्वरभाईंचं उत्तर, वर नवा प्रश्न. असं दीड वर्ष चाललं. हे खोटं आहे हे कळत होतं मला. पण स्वरदा विचारते, गोळ्या घेतल्या का. शेजारच्या बेबीताई विचारतात, भाजी काय केली. तुम्हाला काय वाटतं, असं मला सगळ्या जगात एकटे अन्वरभाई विचारत होते, आणि तेही मी कोण ते माहीत नसताना. ते पान सुटलं असतं तर मी मुकीच झाले असते. म्हणून जीव मुठीत धरून लिहीत राहिले.

मागच्या महिन्यात दुपारी दार वाजलं. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"चिंतामणराव हायेत का? मी अन्वर, मलकापूरचा. संपादकाकून पत्ता घेतला."

मी काही बोलायच्या आत त्यांना भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला.

"हे कधी झालं?"

"दीड वर्ष झालं."

"नाही वहिनी, मागच्या हप्त्यात तं त्याईचं पत्र आलं."

"ते मी लिहिलं, अन्वरभाई. दीड वर्षापासून सगळी मीच लिहितेय."

वाटलं, आता हे भडकणार. पण ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "तुमच्यासाठी दीड साल झालं, वहिनी. माह्यासाठी तं ते आत्ता गेले."

मी पाणी दिलं. माझं सांत्वन करायला आलेल्यांचे शब्दच मी त्यांना सांगत होते. चिंतामणरावांसाठी कुणीतरी ताजं ताजं रडतंय, याचं मला खूप बरं वाटलं, हेही कबूल करते.

मग त्यांनी खिशातून घड्या झिजलेलं एक कात्रण काढलं. पाठवणीचं पत्र.

"हे त्याईचं सगळ्यात चांगलं पत्र. आमच्या बँडातल्या साऱ्या पोराईले वाचून दाखवलं मी. तवापासून बिदाईच्या वक्ती आमचा बँड चूप राह्यते. तेच सांगाले आलो होतो."

"तेही माझंच आहे, अन्वरभाई."

त्यांनी मान हलवली. "तुमी कागदावर उतरवलं असन. पन बोल त्याईचेच हायेत. असं लिहाले बापाचं काळीज लागते."

बाप तेव्हा झारे मोजत होता, हे अगदी ओठावर आलं. पण सुतकात वाद घालू नये, आणि त्या दुपारी सुतक त्यांना होतं.

निघताना मात्र लाज सोडून विचारलं, "आता माझ्या नावानं लिहिलं तर उत्तर द्याल का?"

ते फार मायेनं बोलले. "तुमच्यासंगं काय वाद घालू, वहिनी? दोस्ताच्या घरवालीसंगं कोनी भांडते का?"

पुढच्या गुरुवारी त्यांची श्रद्धांजली छापून आली. सोबत चौकटीत पाठवणीचं पत्र, पुन्हा पूर्ण, खाली चिंतामणरावांचं नाव. मी ते दोनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा चूक नव्हती.

लगेच कागद घेतला आणि लिहिलं, 'कै. चिंतामणरावांचं म्हणणं साफ चूक आहे. बँड जोरातच वाजला पाहिजे. लेक काय म्हणाली ते आईला ऐकू न आलेलंच बरं. ऐकलं असतं तर तिनं गाडीचं दार सोडलं नसतं.' खाली पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं, शैलजा, खामगाव. यातलं अर्धं मला स्वतःलाच पटत नाही. पण मित्राच्या पत्रावर असा घाव घातल्यावर तरी अन्वरभाई चिडतील, असा माझा हिशेब होता.

पत्र छापून आलं. त्याला चार गुरुवार झाले. मित्राच्या बायकोशी भांडायचं नाही, हा नियम तो भला माणूस फार नेटानं पाळतोय.