झेनोनची पाळी

मित्रांनो, मी न्यू ऑर्लिन्समधल्या ट्रेमे वस्तीतला एक जुना ढोल आहे, आणि स्वभावाने संशयी आहे. तिथल्याच पिंपे बनवणाऱ्या एका कारागिराने माझे लाकूड वाकवले आणि दोन्ही तोंडांवर कातडे चढवले. माझा धनी प्लासीद. त्याच्या खांद्यावरून मी कितीतरी लग्ने आणि अंत्ययात्रा पाहिल्या. आमच्या जॅझमध्ये एक जण मनातले वाजवतो आणि बाकीचे त्याला सावरून धरतात. सगळा खेळ भरवशाचा! म्हणूनच आमच्या बँड पार्टीत नवा माणूस आला की मला धास्ती वाटे.

तसा झेनोन आला, क्लॅरिनेट घेऊन. वाजवायचा गोड, पण स्वतःची पाळी आली की चार सूर काढून गप्प. दुसऱ्यांचे मात्र कान टवकारून ऐकायचा. चोरच हा, मला वाटे.

एकदा प्लासीदची बायको युलाली बाजारातून तणतणतच आली. "तुमचा तो नवा राघू न्हाव्याच्या दुकानामागे गास्तोंशी कुजबुजत होता! मला बघून पाठ फिरवली मेल्यानं."

गास्तों म्हणजे आमच्या विरुद्ध पार्टीचा म्होरक्या.

"हाकला त्याला," आमचा म्होरक्या ओविद आपला कॉर्नेट, ते आखूड पितळी कर्ण्यासारखे वाद्य, पुसत म्हणाला.

"आणि रविवारच्या सामन्यात क्लॅरिनेट तू फुंकणार का, दादा?" प्लासीदने विचारले. "त्यापेक्षा डोळ्यांसमोर राहू दे."

रविवारी दोन्ही पार्ट्या घोडागाड्यांवर चढून चौकात भिडल्या. हरणाऱ्याने पळू नये म्हणून लोकांनी गाड्यांची चाके एकमेकांना बांधली. जिंकेल त्याला वस्तीच्या मंडळाच्या वर्षभराच्या मिरवणुका. हरेल त्याने घरी बसायचे.

ऐन रंगात झेनोनची पाळी आली. पलीकडून गास्तोंने हळूच टोपी उचलली, आणि झेनोनने क्लॅरिनेट ओठांपासून खाली घेतली. झाले! माझा संशय खरा ठरला. गर्दी हसू लागली. ओविदने कॉर्नेट तोंडाला लावला.

"नको, दादा!" प्लासीद ओरडला. "पाळी त्याची आहे."

"अरे, विकला गेलाय तो!"

"असू दे. पाळी त्याचीच."

सगळे थांबले. मी एकटा वाजत राहिलो. मनातून चिडलो होतो, पण हात प्लासीदचा होता. झेनोनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. गास्तोंची टोपी पुन्हा हलली. तेव्हा झेनोनने डोळे मिटले आणि असा सूर लावला की हसणारी तोंडे उघडीच राहिली. ओविद अलगद त्याच्या सुराखाली शिरला, मागोमाग ट्रॉम्बोन आला. चौक नाचू लागला. शेवटी हार मानून गास्तोंच्याच माणसांनी चाकांच्या गाठी सोडल्या.

"तुमच्या चाली चोरायला आणि त्यानं टोपी उचलली की ऐन वेळी थांबायला गास्तोंनंच पाठवलं होतं मला," गाडीवरून उतरताना झेनोन म्हणाला. "तिकडे माझी पाळी आली की गास्तों स्वतःच वाजवायचा. तुम्ही का थांबलात?"

"आम्हाला दुसरं येतच नाही," प्लासीद म्हणाला.

सोमवारी युलालीने केलेल्या राजमा-भाताचे ताट ओविदने झेनोनपुढे सरकवले. कॉर्नेटची पेटी मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता मी मंडळाच्या कोठीत पडून आहे. कातडे सैल झाले आहे, उंदीर कडा कुरतडतात. मित्रांनो, वाद्यांना असे अडगळीत टाकू नका. त्यांना ऊन दाखवा, चारचौघांत वाजवा. शेजारच्यावर विश्वास बसत नसेल, तर नसू दे. पण त्याची पाळी हिसकावू नका. तो सुरू करेपर्यंत ठेका धरून ठेवा.