मे महिन्यात या हं

श्यामसुंदर आठल्ये यांनी विलेपार्ल्याचं घर सोडलं आणि ते बहिणीबरोबर चिपळूणला कायमचे राहायला गेले. बरोबर एक बॅग, एक छत्री आणि एक दगडी वरवंटा.

हे झालेलं नाही. निदान त्यांचा मुलगा मिहिर तसं धरून चालतो, आणि त्या घरात त्याच्याशी वाद घालायला आता कोणीच नसल्यामुळे आपणही तसंच धरून चालू. श्यामसुंदर घरीच आहेत. पंख्याखाली बसून पेपर वाचतायत. मे महिना लागलाय आणि पाहुणे यायचेत.

पाहुणे का यायचेत, ते मात्र खरं सांगायला हवं, कारण त्यात चूक मिहिरची होती.

जानेवारीत त्याची आई, सुहासिनी, गेली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. अशा घरी आलेला माणूस उठताना 'येतो' म्हणत नाही आणि घरचे त्याला 'या' म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. माणसं बसतात, चहा नको म्हणतात, आणि मग एकदम उठून चपला शोधायला लागतात. मिहिरला हे सगळं माहीत होतं. तेराव्याची जेवणं आटोपून चिपळूणची मंडळी निघाली तेव्हा तो त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. सहा जणांच्या लिफ्टमध्ये आठ जण मावले. दार सरकायला लागलं आणि मिहिरच्या तोंडातून आवाज आला, "मे महिन्यात या हं सगळे. आंबे आलेले असतील."

वाक्य त्याचं नव्हतंच. ते आईचं होतं. लहानपणापासून त्याच लिफ्टसमोर उभा राहून त्याने ते ऐकलं होतं, आणि आता ते म्हणायची वेळ झाल्यावर ते आपलं आपण बाहेर आलं. आतल्या एका काकूंनी तोंडाला पदर लावला. दार बंद झालं. जिन्याने निघालेले दोघं मध्येच थबकले, त्यांनी वर बघितलं, आणि मग ते उतरून गेले.

एप्रिलमध्ये शुभाआत्याचा फोन आला. ती बाबांची मोठी बहीण.

"तू बोलावलंस, म्हणून येतोय," ती म्हणाली. "रीतीत बसत नाही, पण येतोय. अकरा जण आहोत. आठवडाभर राहू. आणि परत निघताना श्यामला घेऊन जाणार आहे मी."

"कशाला पण, आत्या?"

"कशाला म्हणजे? तू दिवसभर ऑफिसात आणि तो दिवसभर भिंतीकडे बघत. ती भिंत तरी किती दिवस काढणार रे?"

मिहिरने बाबांना विचारलं. बाबांनी पेपर खाली केला नाही.

"बघू," ते म्हणाले. "घर चालतंय का, ते तर बघू आधी."

दुसऱ्या कोणी हे वाक्य सोडून दिलं असतं. पण मिहिर सॉफ्टवेअरच्या कंपनीत टेस्टिंगला होता. एखादी अट दिली की ती पुरी होते की नाही ते तपासायचं, याचाच त्याला पगार मिळायचा. घर चालतंय असं दिसलं की बाबा राहणार. मग घर चालवायचं. आई चालवायची तसं, उन्हाळ्यात, अकरा पाहुण्यांसकट.

आईचं मे महिन्याचं धोरण त्याला तोंडपाठ होतं. सकाळी दहानंतर गॅस पेटवायचा नाही, त्यालाही सुट्टी. एका जेवणाला एकच मोठं पातेलं, बाकी ज्याने त्याने वाढून घ्यायचं. पोळ्या लाटत बसायचं नाही, स्टेशनच्या वाटेवर पोळीभाजी केंद्र आहे, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. माणसं वाढली तर भात वाढवायचा नाही, काकडी वाढवायची. कारण उन्हात माणसाला भूक नसते, त्याला नुसतं चार जणांत बसायचं असतं.

आणि सगळ्यांच्या आधी, अर्ज करायचा. दरवर्षी आई सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहायची: 'पाहुण्यांकरिता पाणी अर्धा तास जादा सोडणेबाबत'. सेक्रेटरी हितेशभाई दरवर्षी तो नामंजूर करायचे. मग आई त्यांना वाटीभर आमरस पाठवायची. वाटी धुतलेली परत यायची, पाणी यायचं नाही. मिहिरने आईच्या लॅपटॉपवरचा मागच्या वर्षीचा अर्ज उघडला, तारीख बदलली, प्रिंट काढली आणि पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी हितेशभाई स्वतः वर आले. कागद हातात धरून दारातच उभे राहिले.

"हे मॅडमच्या नावाने आलाय," ते म्हणाले.

मिहिरने बघितलं. खाली 'आपली नम्र, सौ. सुहासिनी आठल्ये' तसंच राहिलं होतं.

"चुकून राहिलं, हितेशभाई. बदलून देतो."

"नको, राहू दे. नामंजूर तर करावाच लागेल ना. पाणी घरटी माणसं मोजून सोडतो आपण, गेस्ट त्यात धरत नाय." त्यांनी कागदाची नीट घडी केली. "पण वाचून बरा वाटला. आणि रजिस्टरमध्ये तुमचे तीनचे दोन करायचे बाकी आहेत. बघ, सवडीने ये खाली. घाई नाय."

मिहिर सवडीने गेला नाही.

पाहुणे आले. आंब्याच्या तीन पेट्या, फणसाची साठं, आणि पहिले दोन तास अतिशय हळू आवाजातलं बोलणं. कोणी हसलं की लगेच खोकायचं. पहिल्या दिवशी मिहिरने दडपे पोहे ठरवले होते. पातळ पोह्यांत कांदा, काकडी, ओला नारळ, लिंबू, वरून फोडणी. मग ताट झाकून त्यावर वजन ठेवायचं आणि तासभर विसरून जायचं. आई वरवंटा ठेवायची. मिहिरने ओटा शोधला, माळा शोधला, बाल्कनी शोधली. पाटा होता, पण वरवंटा नव्हता. शेवटी त्याने शोकेसमधलं पितळी जहाज काढलं. बाबांना तीस वर्षांच्या नोकरीबद्दल ऑफिसने दिलेलं. ते त्याने पोह्यांवर नांगरलं.

आत्याची मुलगी गंधाली स्वयंपाकघरात आली आणि बघत राहिली.

"मिह्या, हे काय आहे?"

"वजन."

"मामाची अख्खी नोकरी शेवटी पोह्यांच्या कामाला आली म्हणायची."

"वरवंटा सापडत नाहीये गं."

"एवढा मोठा दगड हरवतो कसा रे? तो काय चालत गेला?" मग तिने हळूच विचारलं, "मामा जेवतात का नीट?"

"वाढलेलं संपवतात. मागून घेत नाहीत."

"आई तर त्यांच्यासाठी खोली रिकामी करून आलीय. खिडकीला पडदेसुद्धा शिवलेत."

"पडदे राहू देत. ते येणार नाहीत."

पोहे उत्तम झाले. बाबांनी वाढलेले संपवले, मागून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पन्हं आणि आंब्याची डाळ. डाळ भिजवून भरड वाटायची, कैरी किसायची, गॅस लागतो तो फोडणीपुरता. त्यानंतर आमरस आणि केंद्राच्या पोळ्या. हितेशभाईंकडे वाटी गेली, धुतलेली परत आली, पाणी आलं नाही. घर चालायला लागलं. पेपर पसरून दोन पंगती बसायच्या, मुलं ओरडायची, दुपारी सगळ्या हॉलभर माणसं आडवी व्हायची आणि बाथरूमला जायचं तर कोणाच्या तरी हातापायांवरून उडी मारायला लागायची. हसल्यावर खोकायचं बंद झालं. बाबांनी एका काकांशी राजकारणावरून वाद घातला. मिहिर ते ऐकत भांडी घासत होता आणि मनातल्या मनात अटीपुढे खूण करत होता.

शेवटचा दिवस त्याने दहीभाताला ठेवला होता. त्यालाही कारण होतं. फडताळात वरच्या फळीवर सांडगी मिरचीची बरणी होती. गेल्या मे महिन्यात आईने बाल्कनीत बसून भरलेल्या आणि वाळवलेल्या मिरच्या. बाकी सगळं मिहिरने तिच्यासारखं केलं होतं, ही मात्र तिचीच होती. तळाशी मूठभर राहिल्या होत्या. चार महिने त्याने त्यांना हात लावला नव्हता. ते त्याचं हुकमाचं पान होतं.

भात त्याने सकाळीच मऊ शिजवला. त्यात दूध जास्त आणि दही चमचाभर, म्हणजे दुपारपर्यंत लागतं आणि आंबट होत नाही. दहाच्या आत मिरच्या तळल्या, गॅस बंद केला. पहिल्या पंगतीला बाबा बसले. मिरची भातावर चुरून वाढली. बाबांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग चार महिन्यांत पहिल्यांदा ताट पुढे केलं.

"अजून घाल," ते म्हणाले.

मिहिरने वाढलं. शुभाआत्याने त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पडदे वाया जाणार हे बहुतेक तिला कळलं असावं. मिहिर पातेलं घेऊन स्वयंपाकघरात वळला. दार ओलांडतो न ओलांडतो तोच मागून बाबांचा आवाज आला. खाली बघत, खाता खाता, रोज म्हणायचे तसं.

"सुहास, पुरे आता. तूही बसून घे."

पंगत थांबली. मुलंसुद्धा थांबली. तेवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. कोणीतरी मीठ मागितलं असतं, पंखा वाढवला असता. पण आई त्या वाक्याला रोज आतून एकच उत्तर द्यायची, आणि ते म्हणायची वेळ झाली होती.

"तुमचं होऊ दे," मिहिरच्या तोंडातून आलं.

बाबांनी मान वर केली. दारात पातेलं धरून मुलगा उभा होता. मग भात तसाच ताटात टाकून ते उठले, हात धुतले आणि आत जाऊन त्यांनी माळ्यावरून बॅग काढली.

मिहिर मागोमाग गेला. दार लोटून घेतलं.

"बाबा, घर चालत नव्हतं का?"

"चालत होतं की. झकास चालत होतं." बाबा शर्टांच्या घड्या घालत होते. त्यांना घड्या घालता येत नव्हत्या. "अगदी तसंच चालत होतं."

"मग?"

"ती नसताना चालतंय, मिहिर. ते रोज बघत बसू का मी?"

काहीतरी करपवायला हवं होतं, असं मिहिरच्या मनात आलं. पोहे कचकचीत ठेवायला हवे होते, भात नासवायला हवा होता. कोणीतरी उपाशी झोपायला हवं होतं. मग बाबा म्हणाले असते, या पोराला एकट्याला जमणार नाही, मला राहायला हवं.

सकाळी मंडळी निघाली. मिहिरने बाबांची बॅग उचलली आणि परत खाली ठेवली.

"बाबा, यात काय दगड भरलेत?"

"एकच आहे," बाबा म्हणाले.

मिहिरने वरून हात लावून बघितला. स्वेटरमध्ये गुंडाळलेला, लांबट, मधोमध झिजलेला. जानेवारीपासून तो बाबांच्या कपाटात होता.

"तुला लागणार असेल तर ठेवतो," बाबा म्हणाले.

"नको. माझ्याकडे जहाज आहे."

लिफ्ट आली. माणसं आत शिरली. शुभाआत्याने मिहिरच्या गालावरून हात फिरवला, गंधाली म्हणाली, "फोन उचलत जा रे." बाबा सगळ्यांत शेवटी आत गेले. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला निघाला तरी म्हणतो. बाबा म्हणाले नाहीत. भेटायला येऊन गेलेल्या माणसासारखे ते चपलांकडे बघत उभे राहिले.

मिहिर लिफ्टसमोर थांबला. तोंड थोडं उघडं ठेवून थांबला. वेळ झाली होती, वाक्य यायला हवं होतं. दार सरकलं, बंद झालं, लिफ्ट खाली गेली. काही आलं नाही.

घरात परत आल्यावर त्याला नळ वाजताना ऐकू आला. पाण्याची वेळ होती. त्याने सवयीने सगळी पातेली भरली, बादल्या भरल्या, पाहुण्यांसाठी काढलेली पिंपंही भरली. मग रिकामी बरणी विसळली, पुसली, वरच्या फळीवर ठेवली. एवढं झाल्यावर तो आईचा लॅपटॉप घेऊन बसला.

*मा. सेक्रेटरी,*
*शेवंती सहकारी गृहनिर्माण संस्था, विलेपार्ले (पूर्व).*

*विषय: सदनिका क्र. ९ मधील माणसांच्या संख्येबाबत.*

*महोदय,*

*वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपल्या रजिस्टरमध्ये सदर सदनिकेत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या तीन अशी आहे. पैकी दोन व्यक्ती सध्या बाहेर आहेत. तरी या संख्येत कोणताही बदल करण्यात येऊ नये, पाणी तीन माणसांच्या हिशोबाने सोडण्यात यावे, आणि सदर दोन्ही व्यक्तींना आपल्या सहीशिक्क्याने कळवून, पुढील मे महिन्यापूर्वी घरी परत येण्यास सांगावे, ही नम्र विनंती.*