पोळलेलं टोक, गार मूठ

जुनी सळई आहे मी, मित्रांनो. पुरुषभर लांब. कापसातून रुई आणि सरकी काढून घेतली की काड्या, टरफलं, धूळ उरते. कापसाच्या कारखान्यामागे त्याचे ढीग लावून खत करतात. ढीग आतून तापतो, कुजतो, मग निवतो. निवला की नाही, हे बघायला लोहाराने मला घडवलं.

टोक.

ढिगावरची मावशी मला खोल खुपसायची. घटकाभराने उपसून टोक तळहातावर टेकवायची. चटका बसला तर खत कच्चं. टोक गार निघालं, त्याला मातीचा वास आला, तरच पोती भरायची. सोळा वर्षं. "मावशीनं बघितलंय" म्हटलं की गिऱ्हाईक पोतं उघडतही नसे.

मूठ.

ती ढिगाबाहेरच असते. कायम गार.

नवे साहेब आले. घाईत होते. त्यांनी मला उपसलं आणि मूठच चाचपली.

"गार पडलंय. भरा पोती."

मावशीने टोक तळहातावर टेकवलं, झटकन हात मागे घेतला. "साहेब, टोकाला हात लावा. आत भट्टी आहे नुसती."

"मूठ धरायलाच असते, मावशी. टोक तुम्ही धरा!"

पोती भरणारे सातजण खो-खो हसले.

पोती मावशीच्या धाकट्या बहिणीच्या रोपवाटिकेत गेली. सोबत साहेबांचा निरोप: "मावशीनं बघितलंय."

कच्चं खत वाफ्यात पुन्हा तापलं. मिरचीची सगळी रोपं मुळाशी भाजली. धाकटी फाटकात येऊन म्हणाली, "ताई, तुझ्या हातावर विसंबले गं मी."

"अगं, मी नको म्हणत होते..."

"आता म्हणतेस?"

साहेब म्हणाले, "ढीग कुणाकडे होता? मावशीकडेच ना?" त्या सातजणांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवसापासून मावशीचं काम बंद.

टोक.

गंजलं. आता आकडे दाखवणारं यंत्र आलंय. मी कोठीच्या दाराला अडसर आहे. मूठ मात्र चकचकीत, येणारा-जाणारा तीच धरतो.

मित्रांनो, मला तेल लावा, गंज पुसा, असं मी म्हणणार नाही. बहिणी अजून बोलत नाहीत. तेवढं रोपवाटिकेत जाऊन धाकटीला सांगा, मावशीनं टोक बघितलं होतं आणि नको म्हटलं होतं. मला तोंड नाही. ज्यांना आहे, ते अजून गप्पच आहेत.