पेटीतला उशीर

मैदानावर बाबांना अजून सगळे ‘ठिणगी’च म्हणत. गाड्यांच्या सरळ शर्यतीत वेग नंतर येतो, आधी बघायचं ते सुटणं. खांबावर पिवळे दिवे एकाखाली एक पेटत येतात, शेवटी हिरवा. हिरवा बघून निघालात तर शेजारचा कधीच पुढे गेलेला असतो. हिरव्याच्या आधी निघालात तर लाल दिवा लागतो आणि शर्यत तिथेच संपते. म्हणून बाबा पहिल्या पिवळ्यालाच अंगठ्याखाली दाबून धरलेलं बटण सोडत, आणि स्टिअरिंगखालची एक छोटी पेटी गाडीला नेमकं हिरव्यापर्यंत थोपवून धरी. किती थोपवायचं, ते पेटीत भरणं लेकीचं काम. गाडीचं सगळं तीच बघे.

बाबांचा अंगठा मंदावतोय, हे तिला वर्षापूर्वीच कळलं होतं. तिने पेटीतला उशीर गुपचूप थोडा कमी केला. मग आणखी थोडा. बाबा पूर्वीसारखेच वेळेवर सुटत राहिले आणि तरण्या ड्रायव्हरांना चिडवत राहिले, की तुमची पापणी लवेपर्यंत मी घरी जाऊन हातपाय धुतो. सगळे हसत. तीही हसे, आणि मान फिरवून काहीतरी पुसत बसे.

अंतिम शर्यतीच्या सकाळी बॉनेटवरचा पान्हा घसरला. असा पान्हा बाबा एरवी बोलता बोलता हवेतच झेलत. आज तो जमिनीवर वाजला, तेव्हा कुठे त्यांचा हात पुढे आला. दोघांनीही ते पाहिलं. बाबा हेल्मेट आणायला वळले, तशी तिने पेटीतला उशीर आणखी उतरवला.

दिवे पेटू लागले. गाडी उसळली, आणि बाबांच्या बाजूला लाल दिवा लागला.

रस्त्याच्या पार टोकाला बाबा गाडीतच बसून होते. ती धावत जाऊन खिडकीशी वाकली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “सकाळी पान्हा पडला ना, म्हटलं हात दगा देणार. दिव्याची वाटच पाहिली नाही. अंदाजाने बटण सोडलं.”

गप्प बसली असती तर सगळं तिथेच निभावलं असतं. पण तिला ते जमलं नाही.

“बाबा, पेटी मीही कमी केली होती. आजच नाही. वर्षभर करतेय.”

बाबांनी हात खिडकीबाहेर काढला, अंगठा आणि बोट यांत थोडी फट ठेवली.

“टाक पान्हा.”

“राहू दे ना.”

“टाक, पोरी.”

तिने खिशातला पान्हा त्या फटीवर धरला आणि सोडला. पान्हा डांबरावर वाजला. मग बोटं मिटली.

बाबा खाली उतरले. वाकून पान्हा उचलला, पँटला पुसला, तिच्या हातात दिला.

“गाडी तू ने,” म्हणाले, आणि कडेकडेने चालत निघाले.